कॅथरीन मर्फी यांचे संसदेतले काम कसे वाचावे?

डब्लिनमध्ये सार्वजनिक प्रशासन शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने विचारले आहे: "प्रबंधासाठी आयर्लंडच्या एका खासदाराचे सभागृहातले आणि समित्यांमधले काम तपासायचे आहे. कॅथरीन मर्फी हे नाव मनात आहे, पण त्यांच्या नावावर नोंदींचा नुसता ढीग आहे. सुरुवात कुठून करू? त्या किती वेळा बोलल्या हे मोजले तर चालेल का? की सरळ लिओ वराडकर घ्यावेत?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. वराडकर नकोत. मालवण तालुक्यातल्या वराडचे नाव आयर्लंडच्या पंतप्रधानपदापर्यंत गेले याचे कौतुक मलाही आहे. पण २०११ ते २०२४ हा सगळा काळ ते मंत्रिमंडळात होते, आणि मंत्र्याच्या तोंडी येणारे बहुतेक शब्द खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर तयार होतात. त्यातून सरकारची भूमिका कळते, त्या माणसाने संसद कशी वापरली हे कळत नाही. ते पाहायचे तर विरोधी बाकांवरचा माणूस हवा, आणि शक्यतो अपक्ष किंवा लहान पक्षाचा. मोठ्या पक्षाच्या सदस्याला पक्षच विषय आणि वेळ वाटून देतो. अपक्षाला वाट्याला आलेली चार मिनिटे कुठे खर्चायची हे स्वतः ठरवावे लागते, आणि त्या निवडीतच त्याचे काम दिसते. म्हणून मर्फी हे नाव तुम्ही योग्य निवडले आहे.

माझ्याबद्दल एवढेच सांगतो, की मी आधी मुंबईत विधानमंडळाचे वार्तांकन करायचो, आता डब्लिनमध्ये संसदीय नोंदी वाचून संस्थांना टिपणे करून देतो. त्यामुळे पुढचे सगळे वाचणाऱ्याच्या बाजूने आहे, वकिलाच्या नाही.

आता मोजणी. किती वेळा बोलल्या हा आकडा काढणे आज अगदी सोपे आहे. आयरिश संसदेचे १९१९ पासूनचे कामकाज ऑनलाइन आहे, प्रत्येक सदस्याच्या नावाखाली भाषणे, प्रश्न आणि मतदान वेगळे दिसते, आणि प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर सगळा डेटा उतरवूनही घेता येतो. पण त्या आकड्याचा उपयोग फारसा नाही. लेखी उत्तरासाठी पाठवलेला प्रश्न, विधेयकावरचे वीस मिनिटांचे भाषण आणि "अध्यक्ष महोदय, हे उत्तर नाही" असा मध्येच टाकलेला एक वाक्याचा अडथळा, तिन्ही तिथे एकेक नोंद म्हणून येतात. खाली बसूनही बोलणारा सदस्य या हिशेबात हमखास वर जातो.

त्याऐवजी प्रत्येक नोंद कोणत्या आयुधाखाली, म्हणजे सभागृहात विषय मांडायच्या कोणत्या साधनाखाली, आली ते पाहा. महाराष्ट्रात आपण तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अशासकीय विधेयक असे बोलतो, तशीच वर्गवारी इथेही आहे. इथले लेखी प्रश्न आपल्या अतारांकित प्रश्नांच्या जवळचे, फक्त त्यांचे उत्तर साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत येते. महाराष्ट्रात अतारांकित प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिलेल्या कोणालाही हे वाचून हेवा वाटेल. तोंडी प्रश्नांत मंत्र्याला उलटून विचारता येते, पण तुमचा नंबर लागेलच असे नाही, तिथे चिठ्ठ्या काढून क्रम ठरतो. मंगळवार ते गुरुवार दुपारी होणारे नेत्यांचे प्रश्न, म्हणजे विरोधी नेत्यांनी सरकारच्या प्रमुखाला विचारलेले, टीव्हीवर सर्वांत जास्त दिसतात आणि संशोधकाला सर्वांत कमी देतात, कारण तिथे दोन्ही बाजू त्या रात्रीच्या बातम्यांसाठी बोलत असतात. स्थानिक किंवा तातडीच्या विषयावर मंत्र्याला उभे करणारी लक्षवेधीसारखी छोटी चर्चा असते. आणि अशासकीय विधेयक पुरःस्थापित करताना सदस्याला हेतू सांगण्यापुरती काही मिनिटे मिळतात. ही शेवटची जागा लक्षात ठेवा, मर्फी यांचे सर्वांत गाजलेले भाषण तिथलेच आहे.

मर्फी लेक्सलिपच्या. डब्लिनच्या पश्चिमेला, जिथे इंटेलचा कारखाना आहे ते गाव. आधी गावपातळीवर, मग किल्डेअरच्या काउंटी कौन्सिलमध्ये निवडून आल्या. वर्कर्स पार्टी, डेमोक्रॅटिक लेफ्ट, लेबर असा डाव्या बाजूचा प्रवास करून २००३ पासून अपक्ष. चार्ली मॅक्रीव्ही युरोपियन कमिशनवर गेल्याने रिकाम्या झालेल्या नॉर्थ किल्डेअरच्या जागेवर मार्च २००५ च्या पोटनिवडणुकीत त्या डॉलमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात आल्या, २००७ मध्ये हरल्या, २०११ मध्ये परत आल्या. जुलै २०१५ मध्ये रोशीन शॉर्टल आणि स्टीफन डॉनेली यांच्याबरोबर त्यांनी सोशल डेमोक्रॅट्स हा पक्ष काढला. २०२३ मध्ये नेतृत्व होली केर्न्स यांच्याकडे गेले आणि २०२४ ची निवडणूक मर्फी लढल्या नाहीत. म्हणजे नोंद पूर्ण झालेली आहे. प्रबंधासाठी ही मोठी सोय, विषय हातातून निसटत नाही.

त्यांचे बरेचसे प्रश्न शाळा, लोकल गाड्या, पाणी, कौन्सिलचा निधी यांवर आहेत. ते बाजूला टाकू नका, पण त्यांत अडकूही नका. किल्डेअरची लोकसंख्या वेगाने वाढली आणि सोयी मागे पडल्या, ही त्यांची कायमची तक्रार. शिवाय इथे एका मतदारसंघातून अनेक जण निवडून येतात आणि मतदार पसंतीक्रम देतात. त्यामुळे शेजारच्या सदस्याने रेल्वेवर प्रश्न टाकला की आपणही टाकायचा, हे ओघाने येते. स्थानिक प्रश्नांचा गठ्ठा हा काही अंशी सदस्याच्या स्वभावाचा आणि बराचसा निवडणूक पद्धतीचा परिणाम आहे. प्रबंधात हे एका परिच्छेदात सांगून पुढे जा.

जिथे थांबायचे आहे ती जागा म्हणजे साइटसर्व्ह.

मागची गोष्ट थोडक्यात अशी. २००८ च्या पडझडीत अँग्लो आयरिश बँक बुडाली आणि जानेवारी २००९ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे तिच्यात आयरिश नेशनवाइड मिसळून आयबीआरसी ही सरकारी बँक झाली. या दोन बँकांवर जनतेचे सुमारे ३,५०० कोटी युरो गेले. आयबीआरसीचे काम बुडीत कर्जे निस्तरण्याचे. तिच्या कर्जदारांत साइटसर्व्ह नावाची बांधकाम आणि देखभाल सेवांची कंपनी होती. २०१२ मध्ये ती ४.५ कोटी युरोंना उद्योगपती डेनिस ओब्रायन यांच्या मिलिंग्टन या कंपनीला विकली गेली. बँकेने सुमारे ११ कोटींचे कर्ज सोडून दिले, आणि तरीही कंपनीच्या भागधारकांच्या पदरात जवळपास ५० लाख युरो पडले. कर्ज बुडाले असताना भागधारकांना पैसे कसे, हा कोणत्याही बँक कर्मचाऱ्याला पडेल असा साधा प्रश्न होता. पुढे साइटसर्व्हच्याच एका कंपनीला पाण्याचे मीटर बसवण्याचे सरकारी कंत्राट मिळाले. पाणीपट्टीवरून लोक रस्त्यावर उतरले होते ते हेच दिवस, त्यामुळे प्रकरण आणखी तापले.

मर्फी यांनी या विषयावर पहिल्याच दिवशी गाजणारे भाषण केले नाही. अर्थमंत्री मायकेल नूनन यांच्याकडे त्या लेखी प्रश्न पाठवत राहिल्या. हे प्रश्न एकामागून एक वाचा. पहिली उत्तरे ठरलेल्या साच्यातली आहेत: व्यवहार बँकेच्या संचालक मंडळाने केला, बँक स्वतंत्रपणे चालते, मंत्र्यांचा संबंध नाही. मग प्रश्न अरुंद होत जातात. खात्याला कधी कळले, कोणाची कोणाशी भेट झाली, बैठकीचे टिपण आहे का. सरसकट प्रश्नाला सरसकट उत्तर मिळते, पण "अमुक तारखेच्या बैठकीचे इतिवृत्त खात्याकडे आहे काय" याला हो किंवा नाही म्हणावे लागते, आणि चुकीचे सांगितले तर ते मंत्र्याच्या नावावर कायमचे राहते. एप्रिल २०१५ मध्ये माहिती अधिकाराखाली कागद बाहेर आले आणि कळले, की अर्थ खात्याच्या अधिकाऱ्यांना २०१२ मध्येच या विक्रीबद्दल आणि बँकेच्या कारभाराबद्दल गंभीर शंका होत्या. आधीच्या उत्तरांतून ते दिसले नव्हते. आपल्याला अपुरी उत्तरे दिली गेली, ही मर्फी यांची तक्रार तिथून जाहीर झाली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत वाचण्यासारखा भाग हा आहे, आणि त्यात एकही टाळ्यांचे वाक्य नाही.

सरकारने आधी बँक गुंडाळण्यासाठी नेमलेल्या परिसमापकांनाच व्यवहार तपासायला सांगितले. ते केपीएमजी या लेखापरीक्षण व सल्लागार संस्थेचे, आणि साइटसर्व्हच्या विक्रीत कंपनीला सल्ला देणाऱ्यांतही केपीएमजी होती. यावर निवृत्त न्यायाधीशाची देखरेख बसवली, तरी विरोधकांचे समाधान झाले नाही.

२८ मे २०१५, गुरुवार. मर्फी एक अशासकीय विधेयक मांडायला उभ्या राहिल्या: आयबीआरसीच्या अशा व्यवहारांची तपासणी करण्याचे अधिकार नियंत्रक व महालेखापरीक्षकांना द्यावेत. हेतू सांगताना त्यांनी ओब्रायन यांच्या स्वतःच्या कर्जांविषयी विधान केले. बँकेने त्यांना सुमारे १.२५ टक्के दराने व्याज लावले, खरे तर ते ७.५ टक्क्यांच्या आसपास असायला हवे होते, आणि थकीत रक्कम ५० कोटी युरोंच्या वर होती, असा त्याचा आशय. ओब्रायन यांनी हे खोटे असल्याचे सांगितले. पण अडचण वेगळीच होती. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या बँक व्यवहारांची माहिती प्रसारित करण्यावर आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेविरुद्ध उच्च न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला होता.

मग एक विलक्षण परिस्थिती झाली. भाषण संसदेच्या संकेतस्थळावर शब्दशः उपलब्ध, समाजमाध्यमांवर फिरते आहे, आणि देशातली प्रमुख माध्यमे मात्र कायदेशीर सल्ल्यामुळे ते छापायला कचरत आहेत. आयर्लंडच्या संविधानाचे कलम १५.१२ सांगते, की सभागृहात उच्चारलेले शब्द कुठेही प्रसिद्ध झाले तरी त्यांना संरक्षण आहे. कलम १५.१३ सांगते, की त्या शब्दांसाठी सदस्याला कोणत्याही न्यायालयापुढे उभे करता येत नाही, त्याचा जाब सभागृहच विचारेल. एवढे स्पष्ट असूनही शनिवार-रविवार धरून काही दिवस शांततेत गेले. आयरिश टाइम्स आणि आरटीई न्यायालयात गेले, आणि २ जूनला न्यायमूर्ती डोनल्ड बिंची यांनी खुलासा केला, की संसदेतले बोलणे छापण्यावर बंदी घालण्याचा त्या हुकुमाचा हेतू कधीच नव्हता.

आपल्याकडची तुलना करायचा मोह होईल, म्हणून सांगून ठेवतो. भारतीय संविधानात खासदारांसाठी कलम १०५ आणि आमदारांसाठी १९४ आहे, पण वृत्तपत्रांसाठी वेगळे कलम ३६१-अ १९७८ च्या घटनादुरुस्तीने आले. आपले संरक्षण "बहुतांशी खऱ्या" वृत्ताला आहे, आणि वृत्त दुष्टबुद्धीने दिले असेल तर ते मिळत नाही. आयरिश कलमात या अटी नाहीत. तुलनेवर एक तळटीप पुरे.

पुढच्या महिन्यात सिन फेन या विरोधी पक्षाचे पिअर्स डोहर्टी यांनीही सभागृहात ओब्रायन यांच्या बँक व्यवहारांचा तपशील मांडला. ओब्रायन यांनी तक्रार केली, सभागृहाच्या विशेषाधिकार समितीने दोन्ही सदस्यांनी मर्यादा ओलांडली नसल्याचे ठरवले, आणि मग ते समितीच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात गेले. सदस्यांना प्रतिवादी करता येत नाही, म्हणून समितीला केले. मुद्दा हलका नव्हता. न्यायालयाने जी माहिती झाकून ठेवली ती एखाद्या सदस्याने सभागृहात उघड केली, तर न्यायालयात जाण्याला अर्थ काय उरतो? उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी दावा फेटाळला. सभागृहात सदस्य काय बोलला याची न्यायालयाने मागच्या दाराने झडती घेऊ नये, असा त्याचा मथितार्थ. मला स्वतःला निकाल योग्य वाटतो, पण ओब्रायन यांच्या वकिलांचा युक्तिवाद वाचल्याशिवाय तो पटवून घेऊ नका.

आणि विधानाचे पुढे काय झाले? जून २०१५ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. पहिले न्यायाधीश लवकरच बाजूला झाले, त्यांच्या जागी ब्रायन क्रेगन आले. अहवालाची मूळ मुदत २०१५ ची अखेर होती. नोव्हेंबरात क्रेगन यांनी कळवले, की बँकेच्या गोपनीयतेच्या बंधनांमुळे हाती असलेल्या अधिकारांत काम होणार नाही. मग २०१६ मध्ये या एका आयोगासाठी खास कायदा करावा लागला. साइटसर्व्हवरचा अहवाल प्रसिद्ध झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. कंपनीने बँकेला दिशाभूल करणारी आणि अपुरी माहिती दिली, बँकेने त्या आधारावर सद्भावाने विक्रीला मान्यता दिली, आणि गैरप्रकारांमुळे हा व्यवहार बँकेच्या दृष्टीने व्यापारी कसोटीवर टिकणारा नव्हता, असा त्याचा निष्कर्ष. नीट पाहा: हा निष्कर्ष कंपनीच्या विक्रीबद्दल आहे. २८ मेच्या भाषणातला व्याजदराचा मुद्दा वेगळा आहे. अनेक लेखांत हे दोन एकत्र करून "मर्फी खऱ्या ठरल्या" असे लिहिलेले आढळेल. प्रबंधात ती गल्लत झाली तर परीक्षक तिथेच बोट ठेवेल.

आता समित्या. इथे नियम बदलतात, आणि वाचायची पद्धतही.

मर्फी २०१६ नंतर लोकलेखा समितीवर होत्या आणि २०२० नंतरच्या डॉलमध्ये तिच्या उपाध्यक्ष होत्या. आपल्यासारखाच इथेही या समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल हा कामाचा पाया असतो. मंत्री तिथे साक्षीला येत नाहीत, खात्याचे सचिव येतात. धोरण बरोबर की चूक हे समितीने विचारायचे नसते, मंजूर पैसा कसा खर्च झाला एवढेच विचारायचे. बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्ष एक लांबलचक सूचना वाचतात: साक्षीदारांना बदनामीच्या दाव्यापासून संरक्षण आहे, आणि सदस्यांनी सभागृहाबाहेरच्या व्यक्तीवर नाव घेऊन किंवा ओळख पटेल अशा रीतीने टीका करू नये. नवीन वाचक ही सूचना ओलांडून पुढे जातो. तुम्ही जाऊ नका, कारण पुढचा सगळा वाद तिच्याच भोवतीचा आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रिहॅब या धर्मादाय संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख अँजेला केरिन्स लोकलेखा समितीपुढे स्वेच्छेने आल्या. बोलावणे होते राज्याकडून मिळणाऱ्या काही योजनांच्या निधीबद्दल. प्रश्न गेले त्यांच्या पगारावर आणि कितीतरी इतर गोष्टींवर, आणि तासन्‌तास चालले. पुन्हा बोलावल्यावर त्या आल्या नाहीत. समितीने सक्तीने बोलावण्याचा अधिकार मागितला, तेव्हा सभागृहाच्याच दुसऱ्या समितीने सांगितले, की हा विषय तुमच्या कक्षेत बसत नाही. केरिन्स न्यायालयात गेल्या. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की एकेका सदस्याच्या शब्दांकडे न्यायालय बघणार नाही, पण समितीने समिती म्हणून आपली कक्षा सोडली, निमंत्रणात सांगितले त्याहून वेगळेच विचारले, आणि सभागृहाने तिला आवरले नाही, तर ते बेकायदा ठरवता येते.

तारखा जुळवून पाहा. केरिन्स खटल्याचा पहिला निकाल २७ फेब्रुवारी २०१९ चा, ओब्रायन यांचा ५ मार्चचा. आठवड्याभराच्या अंतराने त्याच न्यायालयाने एकीकडे सभागृहातल्या सदस्याला जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली, तर दुसरीकडे समितीला लगाम घातला. वरवर विसंगत वाटते, पण आतली रेघ एकच आहे: व्यक्तीच्या बोलण्याला संरक्षण, संस्थेच्या कृतीला नाही. तुमच्या प्रबंधाचा कणा मला विचाराल तर हा आहे. मर्फी या दोन्ही जागी काम करत होत्या, आणि २०१९ च्या आधीची व नंतरची त्यांची समितीतली प्रश्नांची धाटणी तुम्हाला शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल.

याला थोडी जुनी पार्श्वभूमी आहे. अ‍ॅबीलारा गावात २००० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मारला गेला. त्याची चौकशी करायला संसदेची उपसमिती बसली तेव्हा २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नागरिकाच्या नावाला बट्टा लागेल असे निष्कर्ष काढण्याचा उपजत अधिकार संसदीय समितीला नाही. तो अधिकार मिळवण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये सार्वमत घेतले गेले आणि जनतेने तो प्रस्ताव नाकारला. राजकारण्यांच्या हाती चौकशी द्यायला आयरिश मतदार तयार नाही, हे त्यातून दिसले. म्हणूनच साइटसर्व्ह संसदीय समितीकडे न जाता न्यायाधीशाच्या आयोगाकडे गेले.

निकालाचा परिणाम लगेच दिसला. मार्च २०१९ मध्ये बातमी आली, की आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेला तिचे प्रमुख जॉन डेलानी यांनी २०१७ मध्ये एक लाख युरोंचे अल्पमुदतीचे कर्ज दिले होते. १० एप्रिलला ते क्रीडाविषयक संयुक्त समितीपुढे आले, निवेदन वाचले, आणि केरिन्स निकालाचा व वकिलांच्या सल्ल्याचा हवाला देऊन पैशांबद्दल पुढे बोलायला नकार दिला. कॅमेऱ्यांसमोर समिती हात बांधून बसल्यासारखी दिसली. त्या साक्षीचे इतिवृत्त तासाभरात वाचून होते, आणि एका न्यायालयीन निकालाने संसदेचे रोजचे काम कसे बदलते हे त्यात जसे दिसते तसे एखाद्या पाठ्यपुस्तकात दिसणार नाही.

पण समिती निष्प्रभ झाली असे समजू नका. २२ जून २०२३ रोजी आरटीईने कबूल केले, की निवेदक रायन टब्रिडी यांना दिलेले पैसे काही वर्षे जाहीर आकड्यांपेक्षा जास्त होते, एकूण फरक ३ लाख ४५ हजार युरोंचा. आरटीई तेव्हा महालेखापरीक्षकांच्या तपासणीखाली नव्हती, तरी तिला सार्वजनिक पैसा मिळतो म्हणून लोकलेखा समितीने २९ जूनला सुनावणी घेतली. ११ जुलैला टब्रिडी आणि त्यांचे एजंट आले. त्या काळातली मर्फी यांच्या प्रश्नांची वळणे पाहा. कोणाला लाज वाटायला लावणे हा त्यांचा भर नाही. करार कोणी सही केला, पैसा कोणत्या खात्यातून गेला, लेखापरीक्षकाला काय सांगितले, आणि "याचे कागद समितीला पाठवा." जाहिरातींच्या बदल्यात वस्तू आणि सेवा घेण्याचे एक अदलाबदल खाते संस्थेत चालत होते हे अशा चौकशीतूनच पुढे आले. त्यातून २०० जोड चपलांवर सुमारे पाच हजार युरो खर्च झाल्याचे कळले तेव्हा देशभर विनोद झाले. विनोद चपलांवर झाले, पण महत्त्वाचे ते खाते होते.

समितीचे इतिवृत्त वाचताना सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे साक्षीनंतरचा पत्रव्यवहार. साक्षीदार "टिपण पाठवतो" म्हणतात आणि विषय तिथे संपल्यासारखा वाटतो. ते टिपण काही आठवड्यांनी समितीच्या बैठकीत "आलेला पत्रव्यवहार" म्हणून नोंदले जाते, आणि मर्फी यांच्यासारखे सदस्य त्यावर पुन्हा बोलतात. साक्षीतले दहा मिनिटांचे प्रश्न, पाठवलेले उत्तर आणि त्यावरची दुसरी प्रतिक्रिया अशी साखळी जोडलीत तरच सदस्याने काय मिळवले ते कळते. हे काम कंटाळवाणे आहे. शब्द शोधून होत नाही, बैठका ओळीने वाचाव्या लागतात.

दुसरी काळजी: सुनावणीचा परिणाम सुनावणीतच दिसेल असे धरू नका. जानेवारी २०१४ मध्ये पोलीस आयुक्त मार्टिन कॅलिनन यांनी लोकलेखा समितीपुढे पोलीस दलातले गैरप्रकार उघड करणाऱ्या दोन जागल्यांच्या वागण्याला किळसवाणे म्हटले. खोलीत फारसे काही घडले नाही. दोन महिन्यांनी तेव्हाचे वाहतूकमंत्री वराडकर यांनी बाहेरच्या एका कार्यक्रमात त्याच जागल्यांचे कौतुक केले, आयुक्तांनी शब्द मागे घ्यावेत असे सुचवले, आणि काही दिवसांत आयुक्त पायउतार झाले. इतरही कारणे त्यात होती. पण नुसते समितीचे इतिवृत्त वाचणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. तेव्हा वराडकर तुमच्या प्रबंधात येतील ते असे, कडेने.

एक मर्यादाही लिहा. मर्फी यांचा स्वभाव हिशेब तपासणाऱ्याचा आहे. त्यामुळे पैशांच्या प्रश्नावर त्या तीक्ष्ण आहेत, पण मोठ्या वैचारिक वादांत त्यांची भाषणे बरीचशी सपाट वाटतात. पक्षस्थापनेनंतर नेत्यांच्या प्रश्नांसाठी उभ्या राहताना तर त्या कधीकधी लेखी प्रश्नच मोठ्याने वाचताहेत असे वाटते. शिवाय २०११ ते २०१६ या काळात त्या अपक्षांच्या तांत्रिक गटाच्या प्रतोद होत्या, म्हणजे इतरांना वेळ वाटून देणे हेही त्यांचे काम होते, आणि ते इतिवृत्तात कुठेच दिसत नाही.

वाचनाचा क्रम असा ठेवा. २८ मे २०१५ चे भाषण आधी, ते लहान आहे. मग तिथून मागे जात नूनन यांची लेखी उत्तरे, शेवटच्यापासून पहिल्याकडे. नंतर क्रेगन अहवालातले निष्कर्षांचे प्रकरण. मग दोन्ही निकाल, आणि केरिन्स खटल्यात फक्त फेब्रुवारीचा निकाल वाचून थांबू नका: तो तत्त्वापुरता आहे. समिती कक्षेबाहेर गेली अशी घोषणा कोणत्या शब्दांत करायची, हे २९ मे २०१९ च्या दुसऱ्या निकालात आहे, आणि तो बराच लहान आहे. आरटीईची सुनावणी सर्वांत शेवटी घ्या, आणि ती वाचताना अध्यक्षांची सुरुवातीची सूचना व पाठवलेले निमंत्रणपत्र शेजारी ठेवा. कोणता प्रश्न कक्षेत बसतो आणि कोणता काठावर आहे ते तुम्ही स्वतः समासात लिहीत जा.